चेहरा नसलेलं पोर्ट्रेट: मार्सडन हार्टलीच्या चित्राबद्दल विचारायचं आहे

निवृत्त_कॅशियर

नमस्कार मंडळी.

सध्या लेकीकडे न्यू जर्सीला मुक्काम आहे. परवा तिने मला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या पायऱ्यांशी सोडलं आणि स्वतः नातवाला घेऊन सेंट्रल पार्कात गेली. इजिप्तच्या ममी बघून झाल्या, चिलखतं बघून झाली, मग चुकतमाकत आधुनिक चित्रांच्या बाजूला पोचलो. चित्रातलं मला फारसं कळत नाही. जन्म गेला बँकेत, नोटा आणि सह्या बघण्यात.

तिथे एका चित्रापाशी पाय अडले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर झेंड्यांचे तुकडे, पट्टे, निळे-पांढरे शंकरपाळे, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, मधोमध जर्मन लोकांचा तो क्रॉस. सगळं एकमेकांवर चढलेलं, बोट शिरायला जागा नाही. आकडे दिसले की आमची नजर आधी तिकडे जाते. एक ४ सापडला, खाली उजवीकडे २४ सापडले, डावीकडे काही आद्याक्षरं. पाटीवर नाव वाचलं तर ‘पोर्ट्रेट ऑफ अ जर्मन ऑफिसर’, मार्सडन हार्टली, १९१४. मी परत वर पाहिलं. ऑफिसर कुठे आहे? नाक नाही, डोळे नाहीत, टोपीखाली डोकं नाही.

लेकीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, “बाबा, ते ॲबस्ट्रॅक्ट आहे, त्यात शोधायचं नसतं.” मग आकडे कशाला घातलेत? ज्याला आकडे घालायचे आहेत त्याला काहीतरी सांगायचं आहे, असा आमचा आपला हिशोब.

कुणी जाणकार सांगेल का, की हे पोर्ट्रेट कसं? आणि ते बघायचं की वाचायचं?

चित्रकलेच्या_बाई

कॅशियरसाहेब, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि लेकीचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे थोडं फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं लिहिते, तेवढं चालवून घ्या.

आधी माप. चित्र सुमारे १७३ सेंटीमीटर उंच आणि १०५ रुंद आहे. १७३ म्हणजे पाच फूट आठ इंच, बऱ्यापैकी उंच पुरुषाएवढं. पुस्तकात ते तळहाताएवढं छापतात आणि मग नुसता झेंड्यांचा पसारा वाटतो. समोर उभं राहिलं की आपल्या उंचीचं कुणीतरी समोर आल्यासारखं होतं. तुम्हाला ते जाणवलं असणारच, नाहीतर एवढी चिलखतं बघून दमलेला माणूस तिथे थांबला नसता.

आता त्या पसाऱ्यात गणवेश शोधा. छातीवरचं पदक, खांद्यावरच्या पट्ट्या, गोंडे, घोडेस्वाराच्या टाचेचा काटा. माणूस गेल्यावर घरचे त्याचे कपडे कपाटातून काढून पलंगावर मांडतात, तशी ही मांडामांड आहे. सदरा आहे, आत कुणी नाही.

तो ‘कुणी’ म्हणजे कार्ल फॉन फ्रायबुर्ग, प्रशियन सैन्यातला लेफ्टनंट. हार्टली अमेरिकन, मेन राज्यातल्या लुइस्टनचा, जन्म १८७७. १९१२ मध्ये तो पॅरिसला गेला, तिथे त्याची आर्नोल्ड रोनेबेक या जर्मन शिल्पकाराशी दोस्ती झाली. फ्रायबुर्ग हा रोनेबेकचा भाऊ, सख्खा नव्हे, नात्यातला. या दोघांच्या ओढीने हार्टली १९१३ मध्ये बर्लिनला राहायला गेला आणि त्या शहराने त्याला भुरळच घातली. कैसरच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं, रस्तोरस्ती मिरवणुका, पांढऱ्या गणवेशातले घोडेस्वार, पिसांचे तुरे. हार्टली लहानशा गिरणीगावातून आलेला, वय पस्तिशीच्या पुढे, एकटा. त्याला वाटलं, आपण इथलेच.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. ७ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये आरासच्या आघाडीवर फ्रायबुर्ग मारला गेला. वय २४. तुमचे ते खाली उजवीकडचे २४. डावीकडची आद्याक्षरं के, व्ही, एफ ही त्याच्या नावाची. ४ हा त्याच्या रेजिमेंटचा आकडा. चौकोन खरोखरच बुद्धिबळाच्या पटाचे, तो त्याचा आवडता खेळ. निळे-पांढरे शंकरपाळे बव्हेरिया या जर्मन राज्याच्या झेंड्याचे, काळा-पांढरा-लाल जर्मन साम्राज्याचा. क्रॉस म्हणजे आयर्न क्रॉस, शौर्यपदक. ही उकल रोनेबेकने पुढे अनेक वर्षांनी, अमेरिकेत स्थायिक झाल्यावर एका पत्रात लिहून ठेवली. त्याने ती केली नसती तर आपण आजही शंकरपाळेच मोजत बसलो असतो.

हार्टलीचं या मुलावर प्रेम होतं. ते उघड म्हणण्याची सोय नव्हती, जर्मनीच्या फौजदारी कायद्यात तेव्हा पुरुषा-पुरुषांतले संबंध हा गुन्हा होता. आई, वडील, बायको, भाऊ यांना रडायचा हक्क असतो. याचा त्या घराशी संबंध काय लावायचा? मग त्याने काही आठवड्यांतच ही चित्रं काढायला घेतली. हे एकटं नाही, पुढच्या वर्षभरात अशी डझनभर झाली, आता त्यांना ‘वॉर मोटिफ’ मालिका म्हणतात. एकाचं नाव तर सरळ ‘पेंटिंग नंबर ४७, बर्लिन’. एवढं रडून झाल्यावर नाव काय दिलं, तर फाईलचा नंबर.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बघायचं की वाचायचं. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा असतात, तुमच्या लेकीनेही दिली असेल. वस्तुचित्राचा पेपर वेगळा, स्मरणचित्राचा वेगळा, संकल्पचित्राचा वेगळा, अक्षरलेखन आणखी वेगळं. या गड्याने चारही पेपर एकाच कागदावर सोडवलेत. पदकं आणि गोंडे म्हणजे वस्तुचित्र. पण वस्तू समोर नाहीत, आठवणीतून काढल्यात, म्हणून स्मरणचित्र. मांडणी पूर्ण सपाट, आकारांच्या तालावर, म्हणजे संकल्पचित्र. आणि आकडे-अक्षरं आहेतच. परीक्षकाने शून्य दिलं असतं, मी मात्र शाळेत हेच चित्र दाखवून मुलांना सांगायची की पेपर वेगवेगळे असतात ते बोर्डाच्या सोयीसाठी.

बर्लिनचा_बंड्या

बाईंचा प्रतिसाद वाचून मजा आली. मी आठेक वर्षांपासून बर्लिनमध्ये आहे, त्यामुळे दोन गोष्टी इथल्या.

पहिली म्हणजे त्या खुणा आजही रोज दिसतात. निळे-पांढरे शंकरपाळे ऑक्टोबरात बिअरच्या प्रत्येक जाहिरातीवर असतात. आयर्न क्रॉसचा आकार आजच्या जर्मन सैन्याच्या गाड्यांवर आणि विमानांवर आहे. त्यामुळे या चित्राचा फोटो ऑफिसमधल्या जर्मन मित्राला दाखवला तेव्हा तो जरा आक्रसलाच. त्याला आधी प्रेम दिसलं नाही, सैन्य दिसलं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच महिन्यात, याच शहरात, आणखी एका कलावंताच्या घरी तीच बातमी आली. केथे कोलविट्झ, चित्रकार आणि शिल्पकार. तिचा मुलगा पेटर २२ ऑक्टोबर १९१४ ला बेल्जियममध्ये पडला, वय १८. म्हणजे फ्रायबुर्गनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. ती राहायची त्या रस्त्याला आता तिचंच नाव आहे, माझा मुलगा तिथल्या मैदानात खेळायला जातो. कोलविट्झने मुलासाठी स्मारक करायला घेतलं आणि ते १९३२ मध्ये पुरं झालं. गुडघे टेकलेले आई आणि बाप, दोन वेगळ्या चौथऱ्यांवर. आता ते बेल्जियममध्ये व्लाड्सलोच्या दफनभूमीत आहे.

तिच्याकडे मुलगा दिसतच नाही, शोक करणारे दिसतात. हार्टलीकडे शोक करणारा दिसत नाही. दोघे एका शहरात, एकाच मोसमात. तिला लोकांसमोर गुडघे टेकता येत होते, ती आई होती. याला नव्हते येत.

शंकासूर

सगळं वाचलं. गोष्ट हृदयद्रावक आहे, मान्य. पण मला दोन खडे काढायचे आहेत.

एक, रोनेबेकचं पत्र काढून घ्या, पाटी काढून घ्या. मग उरतं काय? कोडं आणि त्याची किल्ली. किल्ली हरवली की कोडं निकामी. वर ‘गड्याने चारही पेपर सोडवले’ म्हणून टाळ्या. मला तर वाटतं चित्र साधारण आहे, गोष्ट थोर आहे, आणि आपण गोष्टीचे मार्क चित्राला देतोय.

दोन, हा माणूस लष्करी तमाशाच्या प्रेमात होता. झेंडे, पदकं, बूट. लाखो पोरं खंदकात कुजत असताना हा त्यांचे बिल्ले रंगवत होता, तेही पिवळ्या-लाल चटकदार रंगात. याला शोक म्हणायचं का? बंड्याच्या जर्मन मित्राला सैन्य दिसलं, ते चुकीचं दिसलं नाही.

चित्रकलेच्या_बाई

शंकासूरराव, या. तुमच्याशिवाय धागा अळणी होता.

पहिल्या खड्याचं उत्तर तोंडी देणार नाही, चित्र दाखवून देते. याच हार्टलीचं १९१३ चं ‘द वॉरियर्स’ शोधून उघडा. फ्रायबुर्ग तेव्हा जिवंत आहे. घोडेस्वार आहेत, ओळीने, पांढरे गणवेश, तुरे, घोड्यांचे गरगरीत पुठ्ठे आपल्याकडे वळलेले. माणसं पाठमोरी असली तरी माणसं आहेत, पाठीला वजन आहे. सगळं मिरवणुकीच्या दिशेने सरकतंय. आता शेजारी १९१४ चं ठेवा. तेच गोंडे, तेच बिल्ले, तेच झेंडे. पुठ्ठे गेले, पाठी गेल्या, हालचाल थांबली, मागची मोकळी जागा काळी झाली. दोन्हींच्या पाट्या झाकून माझ्या सातवीच्या वर्गाला विचारलं असतं तरी कुणीतरी म्हणालं असतं, “बाई, दुसऱ्यातले लोक कुठे गेले?” याला कसली किल्ली लागते?

आणि हे किल्लीचं कुलूप पूर्ण उघडतही नाही, हे विसरू नका. चित्रात एक ई आहे. एक मत असं की ते बव्हेरियाच्या लष्करी रेल्वे तुकडीचं अक्षर. दुसरं मत असं की ते हार्टलीचं स्वतःचं. त्याचं जन्मनाव एडमंड. आई तो आठ वर्षांचा असताना गेली, घर विस्कटलं, पुढे सावत्र आईचं माहेरचं नाव मार्सडन त्याने घेतलं आणि एडमंड टाकून दिलं. मला दुसरं मत पटतं. सगळ्या सरकारी खुणांच्या गर्दीत त्याने आपलं टाकलेलं नाव त्या मुलाच्या नावाच्या जवळ नेऊन ठेवलं, कुणाला कळणार नाही अशा बेताने. पण हे माझं पटणं झालं. रेल्वेवाले चूक आहेत असं मला सिद्ध करता येणार नाही, आणि त्याने चित्राचं काही बिघडतही नाही.

रंगाबद्दल. चटकदार आहेत, खरंच आहेत. पण जवळून बघा, म्हणजे जवळून बघायला मिळालं तर. मुलाकडे गेले होते तेव्हा मी त्या दालनात सुरक्षारक्षक ‘मॅडम, मागे’ म्हणेपर्यंत नाक खुपसून उभी होते. ते रंग नीटनेटके भरलेले नाहीत. छापील झेंड्याची कड सरळ असते, इथे कड हाताने ओढलेली, खडबडीत, ब्रशचे फटकारे दिसतात. पिवळा लालाला टेकतो तिथे मध्येच काळा डोकावतो. झेंडा शिवणारा माणूस असं करत नाही. पाठांतर केलेली गोष्ट हुंदका आवरत म्हणताना जशी शब्दाशब्दात अडते, तशी ती कड अडते.

दुसरा खडा मात्र मी झेलणार नाही, कारण तो बरोबर जागी लागलाय. त्याला तो तमाशा आवडायचा. युद्ध पेटल्यावरही तो बर्लिन सोडून गेला नाही, डिसेंबर १९१५ पर्यंत राहिला. त्या गणवेशानेच त्याचा माणूस खाल्ला आणि त्या गणवेशातच तो माणूस त्याला सुंदर दिसला होता. दोन्ही त्या कॅनव्हासवर आहे, आणि त्याने त्यातून सुटका करून घेतली नाही. तुम्ही त्याला दोष द्या, मी देऊ देते.

खोटं मात्र तो एक बोलला. १९१६ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झने ही चित्रं न्यूयॉर्कला आपल्या २९१ नावाच्या गॅलरीत लावली. लुसिटानिया जहाज जर्मनांनी आदल्या वर्षी बुडवलं होतं, अमेरिकेत जर्मन झेंड्याकडे कुणी सरळ नजरेने बघत नव्हतं. तेव्हा हार्टलीने लिहून टाकलं की यात काहीही छुपं प्रतीक नाही, रोज सहज नजरेला पडलेले हे आकार आहेत, बस. लोकांनी अर्थ शोधला असता तर शत्रूपक्षाचा अधिकारी सापडला असता, आणि अजून खोल शोधला असता तर त्याच्यावरचं प्रेम. त्यापेक्षा ‘नुसते आकार आहेत’ हे बरं. कॅशियरसाहेब, तुमच्या लेकीने तुम्हाला जे सांगितलं तेच त्याने सगळ्या न्यूयॉर्कला सांगितलं होतं.

खडकीकर

थोडं अवांतर. आरासचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. त्याच ऑक्टोबरात, आरासच्या उत्तरेला तासाभराच्या गाडीरस्त्यावर, नव्ह शापेल नावाच्या गावात आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअर जवानांच्या, दोन कंपन्या लढत होत्या. २० आणि २१ नंबरच्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर त्यांनी गावावर हल्ला चढवला आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. तिथे आता भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, साडेचार हजारांहून जास्त नावं कोरलेली, सगळी अशांची की ज्यांना थडगंही मिळालं नाही.

त्यातल्या कुणाचं असं चित्र कुणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. हे चित्र बघताना समोरच्या बाजूला कोण होतं ते आपल्याला माहीत असावं, एवढंच.

निवृत्त_कॅशियर

बाई, बंड्या, खडकीकर, सगळ्यांचे आभार. शंकासूर, तुमचेही, तुमच्यामुळे बाई दुसऱ्यांदा बोलल्या.

‘द वॉरियर्स’ फोनवर उघडून बघितलं. लेकीलाही दाखवलं. ती बराच वेळ दोन्ही फोटो पुढेमागे करत बसली आणि मग म्हणाली की आधीच्यात घोडे तरी आहेत. जावयाने विचारलं की पुढे या हार्टलीचं काय झालं, त्याने जन्मभर असेच बिल्ले रंगवले का? मला उत्तर देता आलं नाही. आणि हे चित्र म्युझियमकडे आलं कसं? जर्मन अधिकाऱ्याचं चित्र अमेरिकेत विकत कुणी घेतलं?

चित्रकलेच्या_बाई

विकत कुणीच घेतलं नाही, हेच उत्तर. ते स्टिगलिट्झकडेच राहिलं. तो १९४६ मध्ये वारला, त्याच्या संग्रहाची वाटणी त्याची बायको जॉर्जिया ओ’कीफ हिने केली, ती स्वतः केवढी मोठी चित्रकार हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या वाटणीत १९४९ मध्ये हे मेट्रोपॉलिटनला गेलं. हार्टली त्याआधीच, १९४३ मध्ये, मेनमध्येच गेला होता.

बिल्ले त्याने अमेरिकेत परतल्यावर सोडून दिले. नंतर डोंगर काढले, समुद्र काढला, बोटी काढल्या. कवी हार्ट क्रेनने १९३२ मध्ये जहाजावरून समुद्रात उडी घेतली, तो याचा मित्र, त्याच्यासाठी एक चित्र काढलं, त्यात पुन्हा आकडे आणि खुणा आहेत. पण जावईबापूंना सांगण्यासारखी गोष्ट त्याच्या नंतरची आहे.

१९३५ आणि ३६ मध्ये तो कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला मेसन नावाच्या कोळी कुटुंबाकडे राहिला. घरच्यासारखा. १९३६ च्या सप्टेंबरात वादळात त्या घरची दोन तरणी मुलं आणि त्यांचा एक चुलतभाऊ समुद्रात बुडाले. त्यातल्या थोरल्यावर, ॲल्टीवर, याचा फार जीव होता. आणि या वेळी त्याने काय केलं, तर चेहरा काढला. समोरून, रुंद छाती, दाट मिशा, कानामागे गुलाबाचं फूल. ‘ॲडेलार्ड द ड्राउन्ड’ असं काहीसं लांब नाव आहे, नाव बदलून दिलंय, पण माणूस पूर्ण दिलाय. सगळं घर जेवायला बसलंय असंही एक चित्र आहे, ‘फिशरमेन्स लास्ट सपर’, त्यात बुडालेलेही पंक्तीला आहेत.

तरुणपणी गणवेश मांडला, साठीला आल्यावर चेहरा काढला. मला स्वतःला चित्र म्हणून आधीचं जास्त आवडतं. नंतरच्यात तो मोकळा रडतो, बघणाऱ्याला काम उरत नाही. इथे बरेच जण असहमत होतील, होऊ देत.

तुम्ही अजून तिकडेच असाल तर न्यूयॉर्कमध्येच व्हिटनी म्युझियमकडे या मालिकेतलं ‘पेंटिंग नंबर ५’ आहे, त्यातही बुद्धिबळाचा पट सापडेल. पण आधी वेबसाईटवर बघा किंवा लेकीला फोन करायला सांगा. म्युझियमवाले चित्रं आतबाहेर करत असतात, उगाच तिकिटाचे पैसे जायचे. आणि ज्येष्ठांना सवलत असते, ती विचारायला लाजू नका.